कॅशची मर्यादा वाढवूनही ॲप का मरते? आधी एका फोटोचे वजन मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. शेतकऱ्यांनी पिकावरच्या रोगाचे फोटो टाकायचे आणि जाणकारांनी सल्ला द्यायचा, असे अँड्रॉइड ॲप आहे. भाषा कोटलिन. मुख्य यादीसाठी हाताने लिहिलेला एलआरयू कॅश आहे (चित्रे मेमरीत धरून ठेवणारा आणि जागा संपली की बराच वेळ न लागलेले चित्र आधी काढणारा साठा), बाकी पडद्यांवर ग्लाइड (चित्रे आणून दाखवणारी तयार लायब्ररी). २ जीबी रॅमच्या फोनवर यादी थोडी खाली सरकवली की ॲप बंद पडते आणि कॅमेऱ्यातून परतल्यावर भरलेला फॉर्म कोरा झालेला असतो. कॅशची मर्यादा ५० वरून १०० केली, मग २०० केली, तसा त्रास वाढतच गेला. मॅनिफेस्टमध्ये लार्ज हीप (ॲपला जास्त मेमरी मागणारी ओळ) चालू केले, तरी फरक नाही. क्रॅश अहवालात ठोस काही सापडत नाही. मग मर्यादा नेमकी किती ठेवावी?

आकडा मी खाली देतो, पण तो आत्ताच टाकू नका. कॅशमध्ये जाणारी चित्रे केवढी आहेत हे कळेपर्यंत कोणताही आकडा चुकणार. तुमच्या वर्णनावरून मला खात्री वाटते की खरा घोळ मर्यादेत नाही. प्रत्येक फोटो लागतो त्यापेक्षा कितीतरी मोठा होऊन मेमरीत बसतो आहे.

फोनच्या कॅमेऱ्याने काढलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो घ्या: ४००० गुणिले ३००० पिक्सेल. फाइल असेल ३ एमबीची. आपण ३ एमबी बघतो आणि मनातल्या मनात तोच आकडा धरून चालतो. पण जेपेगचे दाबून बसवणे फक्त फाइलपुरते असते. पडद्यावर दाखवायला फोटो डिकोड झाला, म्हणजे उलगडून पिक्सेलमध्ये आला, की प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात. म्हणजे ४,८०,००,००० बाइट, ४५ एमबीच्या वर. फाइल वेबपी केली, गुणवत्ता ६० टक्क्यांवर आणली, तरी रॅममधला हा आकडा तसाच राहतो, कारण तो फक्त लांबी-रुंदीवर ठरतो. नेटचा खर्च आणि रॅमचा खर्च ही दोन वेगळी खाती आहेत. माझ्याकडे येणाऱ्या दर दोन तक्रारींपैकी एकीत या दोन्हींची सरमिसळ झालेली असते.

आता तुमची यादी. ७२० पिक्सेल रुंदीचा फोन, दोन रकाने, म्हणजे एक चौकट साधारण ३६० गुणिले ३६०. तिला लागणारी मेमरी ५,१८,४०० बाइट, अर्धा एमबी. मूळ फोटो जसाच्या तसा डिकोड केला तर तो जेवढी जागा घेतो तेवढ्यात अशी ९२ चित्रे मावली असती. मर्यादा ५० ची २०० केल्याने तुम्हाला चौपट जागा मिळाली. आकार नीट केला तर नव्वदपट मिळते.

हाताने लिहिलेल्या कॅशमध्ये हे करायची रीत जुनीच आहे. बिटमॅप म्हणजे डिकोड झालेले चित्र. ते बनवणाऱ्या बिटमॅपफॅक्टरीला आधी इनजस्टडिकोडबाउंड्स लावून फक्त लांबी-रुंदी विचारायची. मग इनसॅम्पलसाइझ, म्हणजे लांबी-रुंदी कितीने भागायची तो आकडा, ठरवायचा, आणि तो दोनाच्या घातात चालतो. ३००० ला ८ ने भागले की ३७५ येतात, ३६० साठी पुरेसे. ८ दिला की चित्र ५०० गुणिले ३७५ चे होते आणि मेमरी ६४ पटीने उतरून ७,५०,००० बाइटवर येते. अर्थात सगळ्यात चांगले म्हणजे सर्व्हरनेच लहान प्रत द्यावी. खेडेगावातल्या नेटवर्कवर एवढ्याशा चौकटीसाठी ३ एमबी ओढायला लावणे हा वापरणाऱ्यावर अन्याय आहे आणि त्याचे पैसे तो भरतो.

ग्लाइड हे काम आपणहून करते, पण एका अटीवर: इमेजव्ह्यूचा (पडद्यावरच्या चित्राच्या चौकटीचा) आकार त्याला कळला पाहिजे. रुंदी-उंची रॅप कंटेंट (आतल्या चित्राएवढी) ठेवली की ग्लाइड त्याचा अर्थ ‘पडद्याएवढे चित्र हवे’ असा घेते. लॉगमध्ये तसा इशाराही येतो, फक्त तो कोणी वाचत नाही. लेआउट फाइलींमध्ये आज एवढे एकच शोधा. तुमच्याकडे हे नक्की सापडेल असे माझे मन सांगते.

मर्यादेचे एकक तपासायलाही विसरू नका. एलआरयू कॅशच्या साइझऑफ या, एका नोंदीचे वजन सांगणाऱ्या फंक्शनला तुम्ही हात लावला नसेल तर ते प्रत्येक नोंदीसाठी १ परत करते. म्हणजे तुमचे ‘५०’ हे ५० एमबी नव्हतेच. ते ५० फोटो होते. ‘२००’ म्हणजे २०० फोटो. मोठ्या फोटोंच्या हिशेबात हा आकडा त्या फोनमधल्या एकूण रॅमच्या कितीतरी पुढे जातो. मर्यादा वाढवल्यावर त्रास का वाढला, याचे उत्तर बहुधा इथेच आहे. दुसरा नेहमीचा घोळ असा की कमाल मर्यादा बाइटमध्ये दिलेली असते आणि साइझऑफ केबीमध्ये मोजते. मग मर्यादा कागदावर राहते, कॅश कधी भरतच नाही. उलट केले तर कॅशमध्ये काहीच टिकत नाही आणि प्रत्येक स्क्रोलला फोटो नव्याने डिकोड होतो. दोन्हीकडे केबी ठेवा आणि साइझऑफमध्ये ॲलोकेशनबाइटकाउंट १०२४ ने भागून वापरा. नुसता बाइटकाउंट सध्याच्या चित्राचे बाइट सांगतो. बिटमॅप पुन्हा वापरलेला असेल तर त्याने प्रत्यक्ष धरून ठेवलेली जागा त्याहून मोठी असू शकते.

आता लार्ज हीपबद्दल. ते का कामी आले नाही हे समजण्यासाठी थोडा इतिहास लागतो. अँड्रॉइड २.३.३ पर्यंत बिटमॅपचे पिक्सेल नेटिव्ह मेमरीत, म्हणजे जावाच्या हीपबाहेर, असत. ३.० पासून ७.१ पर्यंत ते जावाच्या हीपमध्ये (प्रत्येक ॲपला ठरावीक मर्यादेत मिळणाऱ्या मेमरीत) होते. ८.० पासून, म्हणजे २०१७ पासून, ते पुन्हा नेटिव्ह मेमरीत गेले. ‘उपलब्ध हीपचा एक अष्टमांश कॅशला द्या’ हा नियम मधल्या काळात रूढ झाला. तेव्हा तो अगदी बरोबर होता, कारण पिक्सेल आणि हीप एकाच हंड्यात होते. हीप भरला की आउटऑफमेमरी एरर यायचा, क्रॅश अहवालात ओळ दिसायची, आपण शहाणे व्हायचो.

८.० नंतर पिक्सेल हीपच्या बाहेर आहेत. जावाच्या हीपची मर्यादा त्यांना आडवी येत नाही. नेटिव्ह मेमरी गुपचूप फुगत जाते आणि फोनची एकूण रॅम कमी पडली की यंत्रणेतला लो मेमरी किलर सरळ आपली प्रोसेस मारतो. एक्सेप्शन नाही, स्टॅक ट्रेस नाही. तुमचा अहवाल कोरा का, याचे कारण हे. लार्ज हीपने तर नुकसानच केले असेल. ते चालू केल्यावर रनटाइमचा मॅक्समेमरी हा आकडा मोठा होतो, त्याचा एक अष्टमांश काढणारा कोड आपोआप जास्त मोठा कॅश बांधतो आणि फोनमधली खरी रॅम मात्र तेवढीच राहते. ती ओळ काढून टाका.

अँड्रॉइड ११ पासून ॲप्लिकेशनएक्झिटइन्फो मिळते. ॲप पुन्हा उघडल्यावर मागची प्रोसेस कशामुळे संपली ते त्यातून विचारता येते. कारण रीझन लो मेमरी आले की शंका उरत नाही. हे आकडे आपल्या सर्व्हरवर नोंदवून ठेवा. आमच्याकडे हे सुरू केल्यावर पहिल्यांदा कळले की वापरणारे ज्याला ‘ॲप आपोआप बंद होते’ म्हणत होते ते क्रॅशच्या आकडेवारीत कुठे नव्हतेच.

ते मी स्वतः अनुभवले आहे. काही वर्षांपूर्वी एका कापड दुकानासाठी साड्यांचा कॅटलॉग दाखवणारे ॲप आम्ही केले होते. माझा स्वतःचा फोन ८ जीबीचा. कॅशला हीपचा पाव भाग दिला आणि स्क्रोल लोण्यासारखा चालला. दुकानातल्या विक्रेत्यांकडे मात्र दुकानाने दिलेले स्वस्त फोन होते. गिऱ्हाइकाला साडी दाखवता दाखवता मध्येच एक फोन आला, त्याला उत्तर देऊन परत ॲपमध्ये आले, की ॲप पहिल्या पानावरून सुरू. निवडून ठेवलेल्या साड्या गेलेल्या. तीन आठवडे मी सर्व्हरचा दोष शोधत होतो. शेवटी एका विक्रेत्या ताईंचा फोन दोन दिवस मागून घेतला आणि पाच मिनिटांत दिसले: आमचे ॲप पार्श्वभूमीत जाताना २०० एमबीच्या वर मेमरी घेऊन बसले होते, त्यामुळे मारायला यंत्रणेला आधी तेच सापडत होते. तेव्हापासून माझ्या टेबलावर २ जीबीचा एक फोन कायम असतो आणि कोणताही बदल आधी त्याच्यावर जातो. तुम्हीही एक घ्या, जुना घेतलात तरी चालेल. इम्युलेटरवर रॅम कमी करून पाहणे उपयोगाचे आहे, पण त्यात इतर ॲपची ती गर्दी नसते जी खऱ्या माणसाच्या फोनमध्ये असते.

मोजायचे कसे? फोन संगणकाला जोडून एडीबी शेलमध्ये (संगणकावरून फोनला आज्ञा देण्याचे साधन) डम्पसिस मेमइन्फो आणि पुढे पॅकेजचे नाव द्या. नेटिव्ह हीप, ग्राफिक्स आणि एकूण पीएसएस (ॲपच्या वाट्याची एकूण रॅम), या तीन ओळींवर लक्ष ठेवा. हार्डवेअर बिटमॅप असतील तर त्यांचे पिक्सेल ग्राफिक्स मेमरीत जातात, म्हणून एकटा नेटिव्ह हीप बघून समाधान मानू नका. ॲप उघडताना एकदा, यादी शेवटपर्यंत सरकवून एकदा, फोटो मोठा करून मागे येऊन एकदा, असे आकडे वहीत लिहा. तीच फेरी पाच वेळा करा. दर फेरीला आकडा चढतच गेला तर ती गळती आहे, आणि गळतीला कॅशची मर्यादा बदलणे हा उपाय नाही.

गळती म्हणताना एक गोष्ट लक्षात असू द्या. कॅशची मर्यादा फक्त कॅशच्या हातात असलेल्या चित्रांना लागू होते. कॅशने जुनी नोंद काढून टाकली म्हणून मेमरी मोकळी होत नाही. ते चित्र एखाद्या इमेजव्ह्यूत, ॲडॅप्टरमधल्या (यादीला नोंदी पुरवणाऱ्या भागातल्या) लिस्टमध्ये किंवा व्ह्यूमॉडेलमध्ये (पडद्याची माहिती धरणाऱ्या भागात) धरलेले असेल तर ते जिवंतच राहते. ‘कॅश २० एमबीचा आहे, मग ॲप १५० एमबी का खाते’ याचे उत्तर बहुतेक वेळा ॲडॅप्टरमध्ये ठेवलेल्या बिटमॅपच्या यादीत सापडते. यादीत फक्त पत्ते ठेवा, चित्रे ठेवू नका. आणि ही जागा रिकामी व्हावी म्हणून कॅशमधून निघालेल्या चित्रावर घाईने रीसायकल बोलावू नका. ते पडद्यावर दिसत असेल तर रीसायकल झालेला बिटमॅप रेखाटल्याचा क्रॅश लगेच येतो.

तुमच्या प्रश्नात नसलेले, पण मला दाट शंका असलेले आणखी एक कारण सांगतो. फोटो क्लाउडवर असतील आणि सर्व्हर दर वेळी मुदतीची सही असलेला नवा पत्ता देत असेल, तर फोटो तोच असूनही पत्त्याची शेपूट बदलते. कॅशची किल्ली म्हणजे तो पूर्ण पत्ता. त्यामुळे एकच फोटो सकाळी एकदा, दुपारी एकदा, यादी ताजी केल्यावर आणखी एकदा, असा पुन्हा पुन्हा जमा होतो. मेमरीतला कॅश असल्या मृत नोंदींनी भरतो, डिस्कवरचा भरतो, आणि नेटही जाते. ग्लाइडमध्ये ग्लाइडयूआरएलचा उपवर्ग करून गेटकॅशकी मध्ये सहीचा भाग गाळून द्या. हाताने लिहिलेल्या कॅशमध्ये तर फोटोचा आयडी आणि लागणारा आकार एवढीच किल्ली ठेवा. आकार किल्लीत हवाच, नाहीतर यादीतले ३६० चे चित्र मोठ्या पडद्यावर धूसर होऊन येते. पण आकारांचे प्रकार मोजके ठेवा: यादीचा एक, पूर्ण पडद्याचा एक, फार तर छोट्या गोल चित्राचा एक. प्रत्येक पडद्याने दोन-चार पिक्सेलच्या फरकाने वेगळा आकार मागितला की तितक्या प्रती तयार होतात.

आता आकडा. पडद्यावर एका वेळी किती चित्रे दिसतात ते मोजा. ७२० गुणिले १६०० च्या फोनवर दोन रकाने आणि खाली मजकुराची ओळ धरली तर चार रांगा, आठ चित्रे. माणूस यादी वर-खाली करतो तेव्हा साधारण दोन पडदे मागे आणि दोन पुढे एवढ्यातच फिरतो. म्हणजे पाच पडदे, ४० चित्रे, अर्ध्या एमबीप्रमाणे २० एमबी. थोडी मोकळीक ठेवून २४ एमबी. तुमच्या यादीला यापेक्षा जास्त लागू नये. हा हिशेब पटत नसेल तर एलआरयू कॅशमध्येच हिटकाउंट, मिसकाउंट आणि इव्हिक्शनकाउंट (चित्र किती वेळा सापडले, किती वेळा नाही, किती बाहेर काढली) मिळतात. मर्यादा १२, २४, ३६ अशी बदलून तीच फेरी करा. कुठेतरी हिटचे प्रमाण वाढायचे थांबते. त्यापुढचा प्रत्येक एमबी वाया जातो.

फोन कमी रॅमचा आहे का ते सांगणारे इझलोरॅमडिव्हाइस हो म्हणाले तर हा आकडा निम्मा करा. स्क्रोल करताना एखादे चित्र अर्धा क्षण उशिरा आले तर माणूस थांबतो. ॲपच मेले तर तो सोडून देतो.

खरे सांगायचे तर हाताने लिहिलेला कॅश मी काढूनच टाकला असता. एकाच ॲपमध्ये दोन कॅश म्हणजे तेच चित्र दोन ठिकाणी, आणि कोणालाच दुसऱ्याचा हिशेब माहीत नाही. ग्लाइडचा मेमरी कॅश आपणहून साधारण दोन पडदे भरतील एवढ्या पिक्सेलपुरता असतो. याच फोनवर एक पडदा म्हणजे ४.४ एमबी, दोन म्हणजे ९ एमबीच्या आसपास. मेमरीसाइझकॅल्क्युलेटरमध्ये पडद्यांची संख्या दोनाची चार-पाच केली की वरच्या हिशेबाजवळ पोहोचता. पाच पडद्यांचे २२ एमबी होतात. हा हिशेब पडद्याच्या पिक्सेलवर बांधलेला असल्यामुळे मोठ्या फोनवर आपोआप मोठा होतो, म्हणून मला तो कोणत्याही ठोकळेबाज एमबीपेक्षा आवडतो.

पूर्ण पडद्यावरचा मोठा फोटो मात्र या कॅशमध्ये घालू नका. तो मोठा करून पाहून झाला की माणूस सहसा परत येत नाही आणि एका मोठ्या फोटोपायी यादीतली बरीच छोटी चित्रे बाहेर ढकलली जातात. तिथे स्किपमेमरीकॅश लावा. पानावरचा ठिपका बघायला झूम लागतोच, त्यासाठी बिटमॅपरीजनडिकोडरने दिसणारा तेवढाच तुकडा डिकोड करा. मेमरी वाचवायला आरजीबी ५६५ वापरा असेही कोणी सुचवेल. त्याने मेमरी निम्मी होते हे खरे, पण रंगांच्या छटा कमी होतात. यादीतल्या छोट्या चित्राला ते चालेल. तपशिलाच्या पडद्यावर मुळीच नको: पान पिवळे पडते आहे की तांबूस, यावरच तुमच्या जाणकाराचा सल्ला ठरणार आहे.

यंत्रणेने इशारा दिल्यावर कॅश कमी करण्यासाठी ऑनट्रिममेमरी आहे. ग्लाइड ते आपोआप ऐकते, हाताने लिहिलेल्याला तुम्हीच जोडावे लागेल. जुन्या लेखांमध्ये रनिंग लो, रनिंग क्रिटिकल अशा पायऱ्या दिसतील. अँड्रॉइड १४ पासून ॲपला त्या कळवल्या जात नाहीत, फक्त यूआय हिडन आणि बॅकग्राउंड या दोनच येतात. म्हणून ‘संकट आले की कॅश रिकामा करू’ या भरवशावर मोठा कॅश बांधू नका, तो इशारा आता येणारच नाही. ॲप नजरेआड जाताच निम्मा कॅश सोडणे आणि बॅकग्राउंडला पूर्ण सोडणे, एवढे पुरते.

डिस्कवरच्या कॅशबद्दल फार बोलण्यासारखे नाही. ग्लाइडचा २५० एमबीपर्यंत जातो. १६ किंवा ३२ जीबीच्या भरलेल्या फोनवर मी तो १०० वर आणतो, कारण जागा संपली की माणूस सेटिंग्जमध्ये सगळ्यात मोठे ॲप शोधून काढून टाकतो.

आयफोनची आवृत्ती कराल तेव्हा एवढे लक्षात ठेवा की तिथल्या तयार कॅशमध्ये, एनएसकॅशमध्ये, टोटलकॉस्टलिमिट मुळात शून्य असते आणि शून्य म्हणजे मर्यादा नाही. मर्यादा दिली तरी वस्तू ठेवताना कॉस्ट दिली नाही तर ती मोजलीच जात नाही. फ्लटरमध्ये इमेजकॅश १००० चित्रे किंवा १०० एमबी, जे आधी भरेल ते, असा येतो. २ जीबीच्या फोनला १०० एमबी जास्त होतात. पण तिथेही आधी कॅशविड्थ द्या आणि मग मर्यादेला हात लावा.

राहिला कोरा होणारा फॉर्म. हा भाग फक्त मेमरी कमी करून पूर्ण सुटणार नाही. कॅमेरा स्वतःच भरपूर रॅम घेतो, तेव्हा आपले ॲप पार्श्वभूमीत असते, आणि लहान फोनवर कधीतरी ते मारले जाणारच. म्हणून कॅमेरा उघडण्याआधी फोटोच्या फाइलचा पत्ता सेव्हडस्टेटहँडलमध्ये (यंत्रणेने प्रोसेस मारली तरी टिकणाऱ्या नोंदीत) ठेवा. फॉर्ममधला मजकूर प्रत्येक बदलानंतर रूमच्या (अँड्रॉइडच्या लायब्ररीच्या) फोनवरच्या डेटाबेसमध्ये मसुदा म्हणून लिहा. मग तपासा: फॉर्म अर्धा भरा, कॅमेरा उघडा, एडीबी शेलमधून एएम किल आणि पॅकेजचे नाव देऊन आपली प्रोसेस मारा, फोटो काढा, परत या. गावाचे नाव, पीक, लिहिलेली अर्धी तक्रार आणि नुकताच काढलेला फोटो, चारही जागच्या जागी दिसले पाहिजेत.